मुदत

पहाटे दोनला भातगोळ्यांची मुदत संपते.
मी एकेक उचलते, यंत्रापुढे धरते,
ते टुंग करतं, मी टोपलीत टाकते.
भात अजून मऊ असतो.
नियम तो नियम.

इंझाईत आमचं दुकान रस्त्याच्या वळणावर.
समोर भातशेती, तिच्यामागे खिडक्या नसलेल्या इमारती.
जगभरचे फोटो, पगारपत्रकं, भांडणं
तिथे गार हवेत ठेवलेली.
रात्री बेडूक आणि पंखे एकाच सुरात लागतात,
कोण कुणाला साथ देतंय कळत नाही.

काउंटरखाली शिगेनोबुमामाच्या तीन कादंबऱ्या.
चाळीस वर्षांच्या, पिवळ्या, पानांना सिगारेटचा वास.
तिन्हींच्या मुखपृष्ठांवर तेच ते निऑन
आणि कॉलर वर केलेला एक माणूस.
तिन्हींत भविष्य जपानातच येऊन उतरलंय,
भातशेत मात्र कुणालाच दिसलेलं नाही.

पहिलीतला नायक मेंदूला तार जोडून
बँकेच्या तिजोरीतून मासोळीसारखा सुळकन जातो,
आणि बाहेर आल्यावर
सुट्ट्या नाण्यांसाठी खिसे चाचपतो,
कारण फोन करायला बूथ शोधायचाय.
मी खो खो हसले. गिऱ्हाईक दचकलं.
पण ते पोहणं मी दोनदा वाचलं.
लिहिणाऱ्याने संगणक दुरूनच पाहिला असणार,
नाहीतर इतका सुंदर कसा दिसेल?

दुसरी म्हणजे शिळ्या कढीला ऊत.
तिच्यात कंपन्या राक्षस आहेत:
शंभर मजले, गच्चीवर तोफा,
काचेआड मालक हसतोय.
इथे नवी इमारत उठण्याआधी
कंपनीची मुलगी घरोघर आली, कमरेत वाकली,
होणाऱ्या आवाजाची आगाऊ माफी मागितली,
दर घरी एक टॉवेल दिला.
चांगला आहे टॉवेल. मी रोज वापरते.
त्या कादंबरीला राग येतो,
टॉवेल सुचत नाही.

"मग ताजी कुठली?" दिलमाया विचारते,
जुनं दूध पुढे, नवं मागे लावत.
ती पोखराची. तिला मेंदूत तार नकोय.
घरी पैसे पाठवताना फोन तिचा चेहरा ओळखत नाही.
मग ती दारातल्या दिव्याखाली जाऊन उभी राहते,
मान डावीकडे, मान उजवीकडे,
डोळे मिटा, उघडा,
चौथ्या खेपेला फोन मान्य करतो
की ही तीच.

तिसरी, मी म्हणते.
अख्खी नाही. पान एकशे बारा.
गोष्ट फाटकी आहे, बायका नुसत्या भिंतींना टेकून उभ्या,
पण त्या पानावर एक मासेवाली येते,
भाड्याच्या हाताने खवले काढणारी.
हप्ता चुकतो, आणि हात सुरीसकट
माशावरच थिजतो.
दुसऱ्या हाताने ती त्याचं एकेक बोट सोडवते
आणि गिऱ्हाइकाला म्हणते, जरा थांबा हं.
पान उलटलं की गोळीबार सुरू.
ती पुन्हा येत नाही.

मामाच्या कानातलं यंत्र बनवणारी कंपनी
दोन वर्षांपूर्वी विकली गेली.
नव्या मालकांचं पत्र आलं, फार नम्र,
की या मॉडेलची देखभाल यापुढे होणार नाही.
दमट दिवशी मामाचं डावीकडचं जग बंद पडतं.
तेव्हा तो बोलणाऱ्यापुढे हात धरतो,
जरा थांबा,
आणि कानामागचा तुकडा काढून
डबीत वाळत ठेवतो.
एकशे बाराचा कोपरा त्यानेच दुमडलाय.
यंत्र बसवण्याआधी की नंतर,
मी विचारलेलं नाही.

दिलमाया पुस्तक हुंगते, नाक मुरडते,
तरी ॲप्रनच्या खिशात घालते.
दोन वाजून दहा.
टोपलीतला एक गोळा मी परत काढते,
आत खारवलेलं आलुबुखार.
अर्धा तिला, अर्धा मला.
समोर पंखे चालूच.
बेडूक एकाएकी गप्प झालेत,
बांधावरून कुणीतरी जात असावं.